दहा वर्षांचं कलम

"ताई, शुक्रवारी साहेबांना नजरेआड होऊ देऊ नका," बाबांचे जुने लघुलेखक म्हणाले होते. तिने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. निवृत्त न्यायाधीश पळून पळून कुठे पळणार? फार तर कोपऱ्यावर, दाढीला.

शुक्रवारी तापाने फणफणलेलं बाळ खांद्यावर घेऊन ती खोलीत आली, तर खुर्ची रिकामी. खुंटीवर काळा कोट नाही. रक्तदाबाची गोळी बशीत तशीच. टेबलावर एका जुन्या कायद्याची प्रत उघडी होती आणि एका ओळीखाली लाल रेघ: शिक्षा दहा वर्षांपेक्षा कमी करता येणार नाही.

तिने लघुलेखकांना फोन लावला.

"गेले ना?" ते म्हणाले. "तुरुंगाच्या फाटकावर असतील. ती आज सुटतेय."

"ती कोण? काका, कोडी घालू नका हो!"

"साहेबांनी शिक्षा दिली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कडेवर तान्हं पोर. नवऱ्याचं नशेच्या मालाचं पुडकं पोचवताना सापडली. आत काय आहे ते ठाऊक होतं, पण नाही म्हणायची टाप नव्हती. साहेबांना सगळं कळत होतं. 'माझे हात बांधलेले आहेत' असं मला लिहून घ्यायला सांगितलं आणि पाणी मागितलं."

"मग त्यात बाबांचा काय दोष?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "ते दहा वर्षांचं कलम साहेबांनीच आणलेलं, ताई. वकिलीत गुन्हेगार सुटताना बघून चिडायचे. आमदार झाल्यावर सभागृहात तासभर बोलले, न्यायाधीशांच्या हाती दया ठेवू नका म्हणून. बाकं वाजली होती. स्वतःच एक दिवस त्या खुर्चीत बसतील, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?"

बाळाने तिच्या मानेत तोंड खुपसलं. कपाळ तव्यासारखं तापलेलं. तिला बाबांचा कालचा प्रश्न आठवला, "दहा वर्षांच्या पोराला काय आवडतं गं?" ती हसली होती, "तुमच्या नातवाला अजून दातही आले नाहीत, बाबा!"

तिला घर सोडता येत नाही. लघुलेखक निघालेत, पण त्यांचे गुडघे पोचवतील तेव्हा पोचवतील. म्हणून, तुम्ही त्या रस्त्याने जाणार असाल तर एवढं करा. फाटकासमोर काळ्या कोटातला एक म्हातारा उभा असेल, हातात खाऊचा पुडा. त्याला घरी चला म्हणू नका. तो यायचा नाही. फक्त सावलीत उभा आहे ना, तेवढं बघा.