कर्ण्यातला आवाज

प्रचाराची रिक्षा गल्लीत शिरली, तेव्हा मी देवासाठी जास्वंदी तोडत होतो. कर्ण्यातून माझाच आवाज येत होता.

त्यात नवल नव्हतं. एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण आमच्या पक्षाच्या प्रचाराची फीत दर निवडणुकीला मीच बोलायचो. यंदा मात्र मी नकार दिला होता. देवस्थानची जमीन गिळणाऱ्या ज्या माणसाशी आम्ही जन्मभर भांडलो, त्यालाच पक्षानं तिकीट दिलं होतं.

आणि आता माझा आवाज त्याचं नाव घेत होता. 'धर्मनिष्ठ' म्हणताना गहिवरतही होता.

"भावजी, तुम्ही सांगताय म्हणजे माणूस सुधारला असणार," शेजारच्या निमकरवहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या. "माझं मत त्यालाच."

"वहिनी, हे मी बोललेलो नाही."

"अगंबाई! मग कोण, तुमचं भूत?"

मी रिक्षा अडवली. चालक कौतुकानं म्हणाला, "काका, तुमच्या जुन्या फितींवरून कॉम्प्युटरनं बनवलंय. ओळखूसुद्धा येत नाही ना?"

रिक्षातला माईक ओढून मी म्हणालो, "या माणसाला मत देऊ नका." फीत मागे चालूच होती. कर्ण्यातून दोन्ही आवाज एकदम निघाले, दोन्ही माझेच. एक अडखळत होता, धापा टाकत होता. दुसरा सावकाश, ठामपणे मत मागत होता. त्याचं ऐकता ऐकता क्षणभर मलाही तोच खरा वाटला.

समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, मधे बडबडतोय त्याला आधी गप्प करा! काकांचं नीट ऐकू येत नाहीये."