तळ्यावर लावलेला शून्य

“वसाहतीवर ढग उतरलेत. आज शून्य तळ्यावर लावता का?” वैमानिकाने विचारलं.

हवेच्या मोजणीवाले साहेब कुरकुरले. सहा वर्षं दर उड्डाणाला ते आधी स्वतःच्याच वसाहतीवरून जात. टेकडीवरची स्वच्छ जागा, वीजकेंद्राचा वारा तिच्याकडे पाठ फिरवून वाहणारा. तिथे बटण दाबलं की तिथली हवा विमानातल्या यंत्राच्या लेखी शून्य. कूलिंग टॉवरच्या वाफेत तिच्याहून जास्त जेवढी घाण सापडेल, तेवढीच अहवालात जायची. दहाच्या वर आकडा गेला तर केंद्र बंद. पण तो कधी तीनच्या पुढे सरकला नव्हता.

“लावा कुठेही,” साहेब म्हणाले. त्यांचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. सकाळी बायकोने बॅग भरायला काढली होती.

“पोरीला घेऊन ताईकडे जाते. कशी धापा टाकते बघताय ना? त्या टॉवरांनी तिचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवलाय.”

“अगं, मी मोजतो ना! आपल्या घरासारखी हवा साऱ्या मुलखात नाही. इथेच राहू दे तिला, इथेच बरी होईल.”

बायकोने बॅग परत ठेवून दिली. नवऱ्याच्या आकड्यांपुढे तिची डाळ कधी शिजली नव्हती. हे सारं साहेबांनी विमानात चढतानाच वैमानिकाला सांगितलं होतं.

केंद्रापासून लांबच्या तळ्यावर बटण दाबून झालं. विमान धडधडत वाफेच्या लोटात शिरलं आणि पडद्यावर आकडा आला, चाळीस.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चाळीसच.

“वहिनींचंच खरं निघालं म्हणायचं,” वैमानिक हसला. “आता घरी काय तोंड दाखवणार?”

साहेबांना हसू आलं नाही. टॉवर घाण ओकत होते तर! अहवाल आजच जाईल, केंद्र बंद पडलं तरी बेहत्तर. निदान पोर त्या लोटापासून लांब होती, हे नशीब.

“परतताना वसाहतीवरून घ्या,” ते म्हणाले. “ढग निवळलेत. आपल्याकडची हवा चोख आहे, एवढं तरी तुमच्या वहिनीला पुराव्यानिशी दाखवतो.”

विमान टेकडीवर आलं. पडद्याचा फोटो काढायला साहेबांनी फोन पुढे धरला, तेव्हा आकडा सदतीसवर येऊन थांबला होता.