तीन बोटं ढील

"अक्का, रिकाम्या गाडीची चेन ताणू नका. माणूस बसला की ती आणखी ताणली जाते," हणमंतराव मेकॅनिक म्हणाले होते. मुग्धाने नुसती मान हलवली आणि ते गेल्यावर पट्टीने मोजून चेन चांगली घट्ट केली. बी.एस्सी. फिजिक्सला गॅरेजवाल्याने काय शिकवायचं! पुढच्याच मोटरसायकल शर्यतीत गाडी उडी मारून खाली उतरताना चेन तुटली, आणि नवऱ्याचा, शंतनुचा हात दीड महिना गळ्यात राहिला.

आज बंगळूरजवळ येलहंक्याच्या पुढच्या लाल मातीच्या ट्रॅकवर तिने शंतनुला आधी गाडीवर बसवलं. दोन वर्षांची शाल्मली तिच्या कडेवर होती.

"हँडल डावीकडे. पार टोकाला. आता उजवीकडे."

ब्रेकची नळी कुठे ओढली जात नव्हती, चाकाला घासत नव्हती. लिव्हर दाबून धरायला सांगून तिने जोडावरून बोट फिरवलं. बोट कोरडं. मग तेच बोट चेनखाली घालून उचललं. शंतनुच्या वजनाखालीही चेनीत ढील उरली होती.

"पास?" शंतनुने विचारलं.

"पास."

शेजारी दयानंद आपली गाडी लाकडी खोक्यावर चढवून चेन ताणत होता. बेळगावचा, इंदिरानगरच्या एका बँकेत नोकरीला. शहाण्णव सालचा इथला कप त्याचाच. चेनीवर पाना आपटून त्याने आवाज ऐकला आणि खूश झाला.

"फार ताणलीत," मुग्धा म्हणाली. "खाली तीन बोटं ढील ठेवा."

"तुमच्या मालकांची वरात असंल वैनी, आमची शर्यत हाय," दयानंद हसला. "ढिली चेन उडती की ओ."

"गाडी खाली घ्या."

"आँ?"

"खोक्यावरनं खाली घ्या. अर्धं मिनिट."

त्याने हसत हसत गाडी उतरवली आणि हँडल धरून उभा राहिला. मुग्धा शाल्मलीसकट त्याच्या सीटवर बसली आणि दोनदा दणकून आदळली. शाल्मली खिदळली. आसपासचे चारदोन जण बघायला लागले. शंतनुने कपाळावर हात मारला.

"आता लावा बोट चेनीला."

दयानंद वाकला. बोट लावलं. चेन तसूभरही हलली नाही.

"मी बावन्न किलो, ही अकरा," मुग्धा म्हणाली. "तुम्ही पंच्याहत्तर तरी असाल. आणि उतरणार वरून."

दयानंदने पाना उचलला. चाकाचा नट सैल करून चेन ढिली केली. तीन बोटं. नट पुन्हा आवळला. मुग्धाने स्वतः बोट घालून पाहिलं.

"सरी, आता ठीक," ती कानडी हेलात म्हणाली.

"पण वैनी, ह्याच्यानं पिकप जातोय बघा," तो पुटपुटला. कपाळावर आठी तशीच होती.

लाउडस्पीकरवरून नंबर पुकारले. मुग्धा शंतनुच्या निळ्या हेल्मेटचा पट्टा बघायला वळली. परत वळून पाहिलं तेव्हा दयानंद मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता आणि पाना पुन्हा त्याच्या हातात होता. आवळून झालं होतं, की नुसता उचलून ठेवत होता, तिला कळलं नाही. ती हाक मारेपर्यंत त्याने पिवळं हेल्मेट चढवून किक मारली.

झेंडा पडला. अकरा गाड्या धूळ उडवत गेल्या.

उंचवट्यापलीकडची मोठी उडी या बाजूने दिसत नाही. नुसते आवाज येतात. मुग्धा दोरीपर्यंत गेली. शंतनुची तिला काळजी नव्हती. त्याच्या गाडीचा एकेक जोड तिच्या बोटांना पाठ होता. निळं हेल्मेट वळणावरून बाहेर आलंच, तिसऱ्या नंबरावर. शाल्मलीने टाळ्या वाजवल्या. मुग्धा मोजत राहिली. सात. आठ. नऊ. दहा. अकरावी गाडी अजून नाही.

तुम्ही उंचवट्याच्या त्या बाजूला उभे आहात ना? जरा बघता का, पिवळं हेल्मेट नीट उतरलं का?