फिरोजची तिसरी निलगिरी

"आता काय चुकलं, आण्णा?" फिरोजनं विचारलं. आवाज शांत ठेवायला त्याला बरेच कष्ट पडले.

उत्तरेश्वर आण्णांनी चष्मा पुसला. मग टेबलावरची कागदी युद्धनौका पुन्हा एकदा पुढून मागून न्याहाळली. आण्णांची नेव्हीत पंधरा वर्षं गेली, त्यातली सहा 'निलगिरी'वर. त्यानंतर नळदुर्गात शेती, आणि गेले सात महिने फिरोजच्या डोक्याला ताप.

फिरोजचं बसस्टँडसमोर लग्नपत्रिकांचं दुकान. उरलेल्या जाड कागदातून तो जहाजं करायचा, खऱ्याच्या दोनशेव्या हिश्शाची, अगदी मापात. हा नाद त्याचा स्वतःपुरता होता. पण आण्णांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, एक दिवस दुकानात येऊन सांगितलं, "मरायच्या आत एकदा बघायचंय, हे मला सोडून कुठं राहत होते ते." खरं जहाज तर केव्हाच गेलं. फिरोजला नाही म्हणवेना आणि तिथंच तो फसला.

मोबाइलवर नाव टाकलं, भरपूर फोटो मिळाले. तीन महिने रात्रंदिवस कात्री चालवली. आण्णा आले, बघितलं आणि म्हणाले, "ही न्हाय."

"नाव बघा की. कडेवरचा आकडा बघा, तेहतीस."

"नाव बरुबर हाय, आकडा बी बरुबर हाय. जहाज दुसरंच हाय."

नेव्हीतही आपल्यासारखीच रीत. आजा गेला की नातवाला त्याचं नाव. जुनी निलगिरी गेली, तिचं नाव नि आकडा नव्या जहाजाला मिळाला. फिरोजनं तीन महिने खपून नातू उभा केला होता, आजा राहिलाच.

मग त्यानं जुना क्लास शोधला. लिअँडर, एका साच्याची सहा जहाजं, निलगिरी त्यातली थोरली. थोरलीचे फोटो धुरकट, म्हणून त्यानं धाकट्या बहिणीचा स्वच्छ फोटो घेतला. बहिणी बहिणी सारख्याच, कोण बघतंय. आण्णा बघत होते. "मागचा डेक बघ, हेलिकॉप्टर उतरतं त्यो. येवढा मोठा धाकट्या दोघींचाच. ही थोरली न्हाय." आणखी दोन महिने पाण्यात.

आज तिसरी. फिरोजनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आज 'न्हाय' ऐकलं की कात्री विहिरीत टाकायची.

"नांगराची साखळी," आण्णा म्हणाले.

"चुकली?"

"न्हाय. बरुबर हाय."

नाव नि आकडा सोडला, तर सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी बरोबर निघालं होतं. फिरोजचा विश्वास बसेना. "तोफ?" "बरुबर." "धुराडं?" "बरुबर. हीच."

बाकावर बसलेल्या मथुराबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी जहाज नीट बघितलं, बोट मात्र लावलं नाही. "आता दावा. तुमी कुठं असायचा?"

आण्णांचं बोट तोफेवरून गेलं, धुराड्यावरून गेलं, जरा घुटमळलं. मग जहाजाच्या कडेनं खाली उतरलं आणि टेबलाच्या फळीवर येऊन थांबलं.

"हितं. खाली."

फिरोजला क्षणभर कळेना. कागदी जहाज तो पाण्याच्या रेघेपर्यंतच करायचा, म्हणजे ते टेबलावर समुद्रात उभं असल्यासारखं दिसतं. रेघेखालचं जे असतं ते करायचंच नाही, अशी पद्धत.

"खाली म्हंजे कुठं, आण्णा?"

"बॉयलर रूमला. म्या स्टोकर हुतो, भट्टी संभाळायचो."

फिरोजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सात महिने तुम्ही माझ्याकडून साखळीच्या कड्या मोजून घेतल्या, डेकाची लांबी दोनदा बदलायला लावली. आन् तुम्ही होता खाली? एका शब्दानं सांगायचं न्हाय का?"

"तू इचारलंस व्हय?"

मथुराबाईंचं या भांडणाकडं लक्ष नव्हतं. "तितं खिडकी हुती का?"

"पान्याखाली कसली खिडकी."

"मग उकडत असंल."

"पन्नास डिग्री. उन्हाळ्यात त्याच्या बी वर. पाळी संपली की कापडं पिळायचो, समुद्र बघायला जीवच नसायचा."

मथुराबाई पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. त्यांचं एक गाऱ्हाणं सगळ्या नळदुर्गाला पाठ होतं. दुष्काळात मी डोक्यावर घागरी घेऊन कोस कोस उन्हात हिंडले आणि हे तिकडं समुद्राचं वारं खात बसले. चाळीस वर्षं त्या हे ऐकवत आल्या होत्या, आण्णाही निमूट ऐकून घेत आले होते. आता मथुराबाईंना रागही आला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हीतलं आधी काय बाहेर काढावं ते कळेना.

"दर चिठ्ठीत लिवायचा," त्या म्हणाल्या, "हितं गार वारं लई सुटतंय, माझी काळजी करू नगंस. कशापायी लिवलं असलं खोटं?"

आण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"आन् तू मास्तरकडून काय लिवून घ्यायचीस? हिरीला पानी लई हाय म्हून."