ध्रुवाकडचा बुक्का

या, जरा पुढे सरकून बसा मंडळी. पार उत्तर ध्रुवाच्या वाटेवर रंगलेल्या एका कीर्तनाची गोष्ट सांगते.

आमच्या सुभद्राताईंचं एकादशीचं कीर्तन चाळीस वर्षांत चुकलं नव्हतं. जावयाने त्यांना हौसेने बर्फातलं खाणगाव दाखवायला नेलं. पण काळी पूड पाहून वाटेत विमानतळावरच्यांनी बुक्क्याची पुडी काढून घेतली. आणि एकही कपाळ कोरं राहिलं, तर ताईंच्या लेखी कीर्तन अपुरं.

एकादशीलाच दोघं इतर पर्यटकांबरोबर बंद पडलेली कोळशाची खाण बघायला गेले. काळ्याभोर भिंती दिसताच ताई खुलल्या.

“आई, भिंतीला हात लावायचा नाही,” जावई कुजबुजला.

“हात कुठे लावतेय? एक बोटच तर लावलं.”

टाळ्यांच्या ठेक्यावर ताईंनी तिथेच अभंग धरला आणि मग एकेका गोऱ्या कपाळावर कोळसा टेकवत सुटल्या. पर्यटकांना वाटलं, हेही तिकिटातच असेल. जावई मात्र लाजेने भिंतीकडे तोंड करून उभा.

इतक्यात पुढे गेलेला दाढीवाला वाटाड्या आवाज ऐकून परतला. तो याच खाणीतला जुना कामगार. आता हा हाकलणार, असं ताईंना वाटलं. त्याने हेल्मेट काढून कपाळ पुढे केलं. कोळसा लागल्यावरही तो हलेना. जावयाशी हळूच काही बोलला.

“आई, ते म्हणतात अजून एक लावा. त्यांचा कामावरचा जोडीदार एनार इथेच दरडीखाली गेला.”

ताईंनी पुन्हा बोट टेकवलं.

तेव्हा मंडळी, आज बुक्का लावून घेताना एनारलाही आठवा.