सलोमीची गाठ

"सायमनदादा, दोरीला हात लावू नका. घंटा वाजली की ते पुन्हा येतील," पाळकसाहेब दारातून म्हणाले.

गेल्या महिन्यात गावातली काही माणसं काठ्या घेऊन आली होती. या ख्रिस्ती देवळात उपासना होऊ देणार नाही, म्हणाली. माझ्या बायकोने, सलोमीने तरी घंटा वाजवली. काठ्या पडत राहिल्या, पण तिच्या हातातली दोरी सुटली ती जीव गेल्यावरच. तेव्हापासून आमची माणसं कड्या लावून घरातच प्रार्थना करत होती.

सलोमी बुटकी. हात घसरू नये म्हणून तिने दोरीला खूप खाली गाठ मारली होती. मी उंच. दोरी वर धरली असती तरी चाललं असतं, पण मला तिचीच गाठ धरायची होती. त्यासाठी गुडघे टेकावे लागले.

दर रविवारी ती मला टोमणा मारायची, "उंटावानी उभं राहता. देवापुढं कधीतरी वाका की!"

"वाकलो बघ," मी म्हणालो. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं.

मी दोरी ओढली. पाळकसाहेबांनी चपला काढल्या, आत आले आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून त्यांनीही दोरी धरली.

घंटा घुमत राहिली. मग गल्लीत एक कडी निघाल्याचा आवाज आला. त्यामागून दुसरी.