थंड इंजिन

"दीदी, हीच घ्या. बटण दाबलं की सुरू!" दुकानदाराने बर्फावर चालणारी लाल गाडी, स्नोमोबाइल, सुरू करून दाखवली. शेजारची जुनी निळी बर्फाने झाकली होती. "ती भंगारात जाणार."

हिमाचलातल्या त्या डोंगरगावात ही दीदी एकटीच नर्स. गेल्या हिवाळ्यात दवाखान्याची गाडी घाटात बंद पडली आणि बाळंतिणीचं बाळ वाचलं नाही. म्हणून या वेळी गाडी निवडायला ती स्वतः आली होती.

तिने लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. सकाळपासून बर्फ पडत होता, गाडी आत्ता कुठे सुरू झाली होती, तरी ते कोमट होतं. साताऱ्यात जीप चालवणारे तिचे आबा म्हणत, "गरम इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं. खरं विचारायचं ते थंड इंजिनला."

"मी यायच्या आधीच तापवून ठेवलीत ना?"

"छे हो! थंडीचे दिवस, म्हणून जरा..."

"मग निवू दे." तिने किल्ली काढून खिशात टाकली आणि लाल सीटवरच मांडी घालून डबा उघडला.

"दीदी, मला दुकान बंद करायचंय."

"खुशाल करा. मी बाहेरच बसलेय."

चपाती-ठेचा संपला, दुपार कलली. तिने किल्ली लावून बटण दाबलं, पण गार पडलेली लाल गाडी नुसतीच खोकत राहिली. मग तिने निळीवरचा बर्फ झाडला आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला निळी गुरगुरली, आणि गुरगुरतच राहिली.

दुकानदार हसला. "दीदी, हिची किंमत जरा..."

"भंगारात चालली होती ना?" ती निळीवर बसली. "मग भंगाराच्याच भावात द्या!"